किनाऱ्याला लागलेले सागरी सस्तन प्राणी: सुटका, तपास आणि लोकशिक्षण

व्हेल, डॉल्फिन, सील किंवा मॅनॅटी (समुद्रगाय) असा एखादा सागरी सस्तन प्राणी किनाऱ्याला लागला आणि स्वतःच्या बळावर पाण्यात परत जाणे त्याला जमेनासे झाले, की बहुतेक लोक त्या घटनेकडे सुटकेची मोहीम म्हणून पाहतात. ओल्या चादरी, बादल्या घेऊन धावणारे स्वयंसेवक, भरतीची वाट आणि अखेरीस लाटांत शिरणारी काळी पाठ, एवढेच चित्र बातम्यांमधून आपल्यापर्यंत येते. प्रत्यक्षात किनाऱ्यावर येणारे बरेचसे प्राणी आधीच मेलेले असतात आणि जिवंत आलेल्यांपैकीही अनेकांची अवस्था वाचण्यापलीकडे गेलेली असते. त्यामुळे बचाव पथकांचा मोठा वेळ दोन कामांत जातो: मेलेल्या प्राण्याची तपासणी करणे आणि जमलेल्या माणसांशी बोलणे. ही दोन्ही कामे दुय्यम समजली जातात. माझ्या मते तीच मुख्य आहेत, आणि एखादा प्राणी वाचतो तेव्हा त्याचे श्रेयही बऱ्याच अंशी त्यांनाच जाते.

यामागचे कारण समजून घ्यायचे तर जमिनीवर आलेल्या व्हेलच्या शरीरात काय होते ते आधी पाहावे लागेल. पाण्यात असेपर्यंत त्या प्रचंड शरीराचा भार पाणीच पेलत असते. वाळूवर आल्यावर तो सगळा भार छाती, पोट आणि खालच्या बाजूच्या स्नायूंवर येतो. फुप्फुसे पुरेशी फुगत नाहीत, दबलेल्या भागातले रक्ताभिसरण मंदावते आणि तिथले स्नायू तुटू लागतात. तुटलेल्या स्नायूंमधून मायोग्लोबिन नावाचे प्रथिन रक्तात मिसळते आणि त्याने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. भूकंपात ढिगाऱ्याखाली तासन्तास दबून राहिलेल्या माणसांमध्ये डॉक्टरांना हाच प्रकार आढळतो. त्यातच थंड पाण्यात ऊब टिकवून धरणारा चरबीचा जाड थर जमिनीवर वैरी ठरतो. शरीरातली उष्णता बाहेर टाकायला पाठीवरचा पर, बाजूचे पर आणि शेपटी एवढेच भाग उरतात, आणि उन्हात तेही तापतात.

म्हणूनच प्राण्याला पाण्यात ढकलले की काम झाले, ही समजूत चुकीची आहे. बराच वेळ एका कुशीवर पडून राहिलेल्या डॉल्फिनला पाण्यात सोडल्यावर तोल सावरता येत नाही. तो कलंडतो, डोक्यावरचे श्वासरंध्र पाण्याखाली जाते आणि गुदमरण्याचा धोका निर्माण होतो. यासाठी अनुभवी पथके त्याला उथळ पाण्यात दोन्ही बाजूंनी आधार देऊन धरून ठेवतात, तो स्वतःहून सरळ राहून नियमित श्वास घेऊ लागेपर्यंत सोडत नाहीत, आणि शेपटीला दोर बांधून ओढण्याचा विचारही करत नाहीत, कारण त्या ओढण्याने पाठीचा कणा आणि शेपटीचे सांधे दुखावतात.

लंडनमध्ये जानेवारी २००६ मध्ये थेम्स नदीत शिरलेल्या नॉर्दर्न बॉटलनोज जातीच्या मादी व्हेलची घटना या सर्व गोष्टी एकत्र दाखवते. ही जात अटलांटिकच्या खोल पाण्यात माखल्यांवर जगते आणि शरीराला लागणारे पाणीही मुख्यतः त्या भक्ष्यातूनच मिळवते. उत्तर समुद्राच्या उथळ भागात तिला ते भक्ष्य मिळत नाही, म्हणजे उपासमारीबरोबरच शरीर कोरडे पडते. हजारो लोक नदीकाठी उभे होते आणि दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपण चालू होते. तिला एका तराफ्यावर उचलून समुद्राकडे नेले जात असताना २१ जानेवारीला ती मेली. शवविच्छेदनात निर्जलीकरण, स्नायूंची हानी आणि मंदावलेली मूत्रपिंडे ही कारणे आढळली. पथकाने प्रयत्नांत काही कसूर केली नव्हती, परंतु प्राण्याचा प्रश्न भोवती पाणी नसण्याचा नव्हता, चुकीच्या पाण्यात आल्याचा होता. तिचा सांगाडा आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या संग्रहात आहे.

प्राणी किनाऱ्याला का लागतात, याला एकच उत्तर नाही. एकटा आलेला प्राणी बहुधा आजारी, जखमी, म्हातारा किंवा आईपासून तुटलेला असतो. कळपाच्या कळप किनाऱ्याला लागतात तेव्हा चित्र वेगळे असते. असे होणाऱ्या जातींमध्ये पायलट व्हेल प्रमुख आहेत. त्यांचे आपसातले बंध इतके घट्ट असतात की एखादा आजारी किंवा वाट चुकलेला सदस्य उथळ पाण्यात गेला तर निरोगी सदस्यही त्याच्यामागे जातात. मंद उताराचे वालुकामय किनारे यात भर घालतात, कारण ज्यावरून व्हेल वाट ओळखतात तो त्यांच्याच आवाजाचा प्रतिध्वनी तिथून नीट परतत नाही आणि ओहोटी सुरू झाली की पाणी बघता बघता मागे सरते. न्यूझीलंडमधील फेअरवेल स्पिट हा गळासारखा वळलेला वाळूचा दांडा त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये तेथे ४०० हून अधिक पायलट व्हेल किनाऱ्याला लागले. तमिळनाडूत मनपाड परिसरात जानेवारी २०१६ मध्ये ऐंशीहून अधिक, तर टास्मानियातील मॅक्वारी हार्बर येथे सप्टेंबर २०२० मध्ये सुमारे ४७० पायलट व्हेल अडकले. टास्मानियातील त्याच परिसरात बरोबर दोन वर्षांनी, सप्टेंबर २०२२ मध्ये, आणखी सुमारे २३० आले.

कळपाचे हे बंध सुटकेच्या वेळी आड येतात. एकाला खोल पाण्यात नेऊन सोडले तरी किनाऱ्यावर राहिलेल्यांचे आवाज ऐकून तो परत फिरतो. त्यामुळे वाचवता येण्याजोग्या प्राण्यांना शक्य तितके एकत्र, आणि आवाजाच्या टप्प्याबाहेर नेऊन सोडणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. मॅक्वारी हार्बरमध्ये बोटींच्या साहाय्याने प्राण्यांना बंदराच्या तोंडाबाहेर खुल्या समुद्रात नेण्यात आले आणि सुमारे ११० व्हेल वाचले. अमेरिकेतील केप कॉड येथे डॉल्फिन वारंवार अडकतात. तिथे सोडलेल्या प्राण्यांच्या परावर उपग्रहाद्वारे माग काढणारी छोटी उपकरणे लावल्यामुळे त्यांतील अनेक जण पुढे व्यवस्थित पोहत राहिल्याचे दिसले. अशा पुराव्याआधी, सोडलेला प्राणी नजरेआड गेला म्हणजे वाचला असे मानण्यापलीकडे काही हाती नव्हते.

पथक येण्यापूर्वीचा वेळ मात्र किनाऱ्यावर आधीपासून असलेल्या माणसांच्या हाती असतो, आणि लोकशिक्षणाची खरी कसोटी त्याच वेळी लागते. पहिले काम म्हणजे संबंधित यंत्रणेला फोन करणे आणि नेमकी जागा, प्राणी जिवंत आहे की मेलेला, अंदाजे लांबी, पाणी चढते आहे की उतरते आहे आणि आसपास किती लोक आहेत, हे सांगणे. छायाचित्र काढताना प्राण्याशेजारी एखादी ओळखीच्या मापाची वस्तू असेल तर पथकाला आधीच तयारी करता येते. व्हेल किंवा डॉल्फिन जिवंत असेल तर त्याला पोटावर सरळ ठेवावे, बाजूच्या परांखालची वाळू उकरून खळगे करावेत म्हणजे परांवर ताण येत नाही, अंगावर ओली चादर टाकून ती ओली ठेवावी, परंतु श्वासरंध्र उघडेच राहील आणि त्यात पाणी किंवा वाळू जाणार नाही, याकडे एका माणसाने केवळ तेवढ्यासाठीच लक्ष द्यावे. बादलीने पाणी ओतणाऱ्या उत्साही हातांना थांबवायला हाच माणूस लागतो: प्राणी श्वास सोडून झटक्यात पुन्हा घेतो, आणि नेमक्या त्या क्षणी ओतलेले पाणी थेट फुप्फुसात जाऊ शकते. शेपटीच्या टप्प्यात उभे राहू नये, कुत्र्यांना दूर ठेवावे, गोंगाट टाळावा.

सीलच्या बाबतीत यातले बरेच काही उलटे आहे. सील विश्रांतीसाठी, कात टाकल्यासारखे केस बदलण्यासाठी आणि पिल्ले देण्यासाठी किनाऱ्यावर येतातच. एकटे पडलेले पिल्लू अनाथ असेलच असे नाही. बऱ्याचदा आई भक्ष्यासाठी समुद्रात गेलेली असते, आणि माणसांचा घोळका पाहून ती परतायला कचरते. अशा पिल्लाला पाण्यात ढकलणे, गाडीत घालून नेणे किंवा ओल्या कापडात गुंडाळणे म्हणजे निरोगी जिवाला रुग्ण बनवणे आहे. सील चावतात, आणि त्या चाव्यातून होणारा बोटाचा संसर्ग जुन्या काळापासून खलाशांना ठाऊक आहे. रोगांचा प्रश्न अलीकडे अधिक गंभीर झाला आहे: २०२३ मध्ये एच५एन१ या बर्ड फ्लूने पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यांवर हजारो समुद्री सिंह मेले, आणि त्याच वर्षी अर्जेंटिनातील वाल्देस द्वीपकल्पात एलिफंट सीलची जवळजवळ एक संपूर्ण पिढी, म्हणजे सतरा हजारांवर पिल्ले, मृत्युमुखी पडली. मेलेल्या किंवा आजारी दिसणाऱ्या प्राण्याजवळ न जाण्याच्या सूचनेमागे आता हेही कारण आहे.

पथक आल्यावर निर्णय एकाच व्यक्तीच्या हाती असावा लागतो. पशुवैद्य श्वासाचा वेग, डोळ्यांची हालचाल, शरीराची पोषणस्थिती आणि शक्य असल्यास रक्त तपासतात आणि मग पर्याय ठरतो: जागेवरूनच पाण्यात सोडणे, दुसऱ्या किनाऱ्यावर नेऊन सोडणे, उपचार केंद्रात हलवणे, काही वेळ नुसते निरीक्षण करणे किंवा दयामरण देणे. शेवटचा पर्याय लोकांच्या पचनी पडत नाही आणि पथकांवर सर्वाधिक रोष त्यावरूनच येतो. तथापि मूत्रपिंडे निकामी झालेल्या, दहा टनांच्या प्राण्याला दोन दिवस वाळूवर तडफडू देणे हा अधिक दयाळू मार्ग नव्हे. त्यातही अडचणी आहेत. भूल देऊन मारण्यासाठी वापरलेले बार्बिच्युरेट औषध शवात टिकून राहते आणि ते शव खाणाऱ्या पक्ष्यांना व प्राण्यांना विषबाधा होऊ शकते, म्हणून शवाची विल्हेवाट कुठे आणि कशी लावायची हे आधीच ठरवावे लागते.

विल्हेवाट हा विषय थोडक्यात सांगण्यासारखा आहे, पण तो टाळता येत नाही. अमेरिकेत ओरेगन राज्यातील फ्लोरेन्स येथे १२ नोव्हेंबर १९७० रोजी रस्ते विभागाने सुमारे अर्धा टन डायनामाइट वापरून एका मेलेल्या स्पर्म व्हेलला उडवले; मांसाचे तुकडे दूरवर उभ्या असलेल्या बघ्यांवर पडले आणि एका मोठ्या तुकड्याखाली मोटारीचा चेंदामेंदा झाला. तैवानमधील ताइनान शहरात जानेवारी २००४ मध्ये शवविच्छेदनासाठी ट्रकवरून नेला जाणारा स्पर्म व्हेल कुजण्यातून साठलेल्या वायूंच्या दाबाने भर रस्त्यात फुटला. त्यामुळे हल्ली शव शक्य तितके किनाऱ्यावरच उघडतात आणि पुरतात, समुद्रात ओढून नेतात किंवा पुढे वर्णन केल्याप्रमाणे संग्रहालयासाठी राखतात.

मेलेल्या प्राण्यापासून काय कळते, ते तो किती ताजा आहे यावर ठरते. अभ्यासक त्यासाठी एक ते पाच अशी श्रेणी वापरतात: एक म्हणजे जिवंत, दोन म्हणजे नुकताच मेलेला, तीन म्हणजे कुजू लागलेला, चार म्हणजे पुरता कुजलेला आणि पाच म्हणजे केवळ वाळलेली कातडी व हाडे. दुसऱ्या श्रेणीतल्या शवातून विषाणू, कानातल्या सूक्ष्म पेशींची हानी, रक्तातील विषद्रव्ये असे सारे तपासता येते. पाचव्यातूनही जात, लांबी आणि जनुकीय नमुना मिळतो. दात कापून त्यातील थर मोजले की वय कळते. जाळ्यात अडकलेल्या प्राण्याच्या त्वचेवर दोरीचे बारीक ओरखडे असतात, तर जहाजाच्या पंख्याच्या जखमा ठरावीक अंतराने पडलेल्या असतात. तारीख, ठिकाण, जात, लिंग, लांबी, अवस्था आणि माणसाशी संबंधित खुणा, एवढी मूलभूत माहिती प्रत्येक प्राण्याची नोंदवली गेली तरी वर्षानुवर्षांत त्यातून मोठे चित्र उभे राहते. ब्रिटनमध्ये नॅचरल हिस्टरी म्युझियमने अशा नोंदी १९१३ पासून ठेवायला सुरुवात केली.

या नोंदींमधून धोरणे बदलली आहेत. मार्च २००० मध्ये बहामा बेटांवर सतरा व्हेल व डॉल्फिन किनाऱ्याला लागले. त्यांत खोल पाण्यात बुडी मारणारे, चोचीसारख्या तोंडाचे बीक्ड व्हेल अधिक होते. कानांभोवती रक्तस्राव आढळला आणि पुढच्या वर्षीच्या अहवालात अमेरिकी नौदलाने आपल्या सोनारचा, म्हणजे आवाज सोडून पाण्याखालच्या वस्तू शोधणाऱ्या यंत्रणेचा, वापर हेच सर्वांत संभाव्य कारण असल्याचे मान्य केले. सप्टेंबर २००२ मध्ये कॅनरी बेटांजवळ नौदल सरावाच्या वेळी चौदा बीक्ड व्हेल आले, त्यांच्या ऊतींमध्ये वायूचे बुडबुडे आढळले, आणि स्पेनने २००४ मध्ये त्या बेटांभोवती अशा सोनारला बंदी घातली. त्यानंतरच्या दशकात तेथे बीक्ड व्हेल मोठ्या संख्येने किनाऱ्याला लागल्याची घटना घडली नाही. कॅलिफोर्नियात १९९८ मध्ये चारशेहून अधिक समुद्री सिंह झटके येऊन मेले; त्यांच्या तपासणीतून शैवालापासून तयार होणारे डोमोइक आम्ल हे विष सापडले. शिंपल्यांमधून तेच विष माणसालाही बाधते, म्हणजे तो इशारा माणसांसाठीही होता.

स्कॉटलंडमधील टायरी बेटावर जानेवारी २०१६ मध्ये सापडलेल्या लुलू नावाच्या ओर्का (किलर व्हेल) मादीचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. छायाचित्रांवरून अभ्यासक तिला वर्षानुवर्षे ओळखत होते. ती दोरखंडात अडकून मेली होती, हे उघड होते. परंतु तपासणीत तिच्या चरबीत पीसीबी या औद्योगिक रसायनांचे प्रमाण अतिशय जास्त आढळले, आणि किमान वीस वर्षांची प्रौढ मादी असूनही तिच्या अंडाशयात प्रजननाच्या खुणा नव्हत्या. दशकांपूर्वी बंदी घातलेली रसायने तिच्यासारख्यांच्या छोट्याशा कळपाला आजही पिल्लांविना ठेवू शकतात, ही गोष्ट किनाऱ्यावर उघडलेल्या एका शवाने दाखवली.

काही जाती तर जवळजवळ केवळ अशाच घटनांमधून माहीत झाल्या आहेत. स्पेड-टूथ्ड व्हेलचे पहिले हाड १८७२ मध्ये न्यूझीलंडच्या चॅथम बेटसमूहात सापडले. २०१० मध्ये किनाऱ्यावर आलेली मादी आणि तिचे पिल्लू सुरुवातीला दुसऱ्याच जातीचे समजून पुरण्यात आले होते. राखून ठेवलेल्या नमुन्यांच्या जनुकीय तपासणीने चूक उघड झाली. जुलै २०२४ मध्ये न्यूझीलंडच्याच ओटागो किनाऱ्यावर अखंड नर मिळाला, तेव्हा शास्त्रज्ञांनी स्थानिक माओरी समाजाच्या बरोबरीने, त्यांचे विधी आणि ज्ञान यांना स्थान देत शवविच्छेदन केले.

आता लोकशिक्षणाकडे येऊ. त्याची सुरुवात किनाऱ्यावर ताणलेल्या दोरीपाशी होते. पथकातला एक जण प्राण्याकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून उभा राहिला आणि आत काय चालले आहे ते सांगत राहिला, तर तेच लोक गर्दी आवरायला मदत करतात; कोणीच बोलले नाही तर दोरी ओलांडली जाते. अर्जेंटिनात सांता तेरेसिता येथे फेब्रुवारी २०१६ मध्ये फ्रान्सिस्काना डॉल्फिनचे एक पिल्लू छायाचित्रांसाठी हातोहात फिरवले गेले. ते हाताळणीत मेले की आधीच मेलेले होते यावर नंतर वाद झाला, पण तिथे सांगणारे कोणी नव्हते हे निर्विवाद आहे. न्यूझीलंडमधील प्रोजेक्ट जोनासारख्या संस्था म्हणूनच सामान्य नागरिकांना आधीपासून प्रशिक्षण देतात, आणि त्यासाठी पाणी भरलेले, खऱ्या आकाराचे फुगवलेले व्हेल व डॉल्फिन वापरतात. एवढे वजन हलवून पाहिलेला माणूस पुन्हा कधी शेपटी धरून ओढण्याची सूचना करत नाही.

संग्रहालयांची वाट अधिक लांबची आहे. स्वीडनमध्ये १८६५ मध्ये किनाऱ्याला लागलेला एक तरुण ब्लू व्हेल गोथेनबर्गच्या संग्रहालयात लाकडी चौकटीवर कातडे चढवून ठेवला आहे. त्याचा वरचा जबडा उघडता येतो आणि आत बसायला बाके आहेत. तो काळ कुतूहलाचा होता. आयर्लंडमधील वेक्सफर्ड येथे १८९१ मध्ये सापडलेल्या, २५ मीटर लांबीच्या ब्लू व्हेलचा सांगाडा २०१७ पासून लंडनच्या संग्रहालयाच्या मुख्य दालनात टांगला आहे, आणि तिच्या तोंडातील गाळणीसारख्या पट्ट्यांच्या रासायनिक विश्लेषणावरून तिच्या शेवटच्या काही वर्षांतील भ्रमणाचा अंदाज शास्त्रज्ञांनी अलीकडे बांधला. असा सांगाडा तयार करणे सोपे नसते. कॅनडातील प्रिन्स एडवर्ड आयलंडवर १९८७ मध्ये पुरलेला ब्लू व्हेल वीस वर्षांनी उकरला तेव्हा त्यावर अजून मांस आणि चरबी शिल्लक होती. हाडांतले तेल काढायला पुढे बराच काळ लागला आणि २०१० मध्ये तो व्हँकुव्हरमध्ये मांडला गेला. पुरताना प्रत्येक पराला वेगळ्या जाळीत बांधून त्यावर क्रमांक लावला नाही, तर परांतल्या बोटांची डझनावारी छोटी हाडे नंतर जुळवता येत नाहीत, आणि ओटीपोटातली इवलीशी अवशिष्ट हाडे तर हमखास हरवतात.

नॉर्वेतील बर्गनजवळ २०१७ मध्ये आलेल्या कुविअर्स बीक्ड व्हेलच्या पोटात सुमारे तीस प्लास्टिक पिशव्या निघाल्या. तो सांगाडा आणि ते प्लास्टिक तेथील विद्यापीठाच्या संग्रहालयात एकत्र मांडले आहेत, आणि त्याचा परिणाम जबरदस्त होतो. इथे मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाच्या अंदाजानुसार दरवर्षी सुमारे तीन लाख व्हेल, डॉल्फिन व पॉर्पॉइज मासेमारीच्या जाळ्यांत अडकून मरतात. प्लास्टिक डोळ्यांत भरते, जाळ्यातला मृत्यू समुद्रातच राहतो. म्हणून एका प्राण्याची कथा सांगणाऱ्या पाटीवर तो कुठे, कधी आणि कशाने मेला हे जसे लिहावे, तसेच त्या जातीला सर्वाधिक मारणारे कारण कोणते हेही लिहावे, भले ते या सांगाड्याच्या बाबतीत लागू नसेल. आणि किनाऱ्यावरील घटना कळवण्याचा दूरध्वनी क्रमांक त्याच पाटीवर मोठ्या अक्षरांत असावा.